एक डबा गोखरू

सरांच्या दंडाचा घेर साडेआठ इंच होता. हे मी अंदाजानं सांगत नाही. तो मी स्वतः शिंप्याच्या टेपनं मोजला आहे, वहीत लिहिला आहे आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली आहे. सरांच्या शेजारी चार वर्षं काढलेल्या माणसाला अंदाजानं बोलायची सवय राहत नाही.

कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात ते शास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मंगळवार पेठेत एका माडीवर आमच्या दोघांच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या. दोघंही बिनलग्नाचे, दोघांची खानावळ एकच. सर उंचीला सहा फूट आणि बाकी सगळीकडून शेवग्याची शेंग. धोतर, काळा कोट, जाड भिंगांचा चष्मा. आणि तोंडात एकच शब्द.

"पुरावा?"

हा शब्द उच्चारताना त्यांची तर्जनी आपोआप वर जायची. शिपाई वर्गात येऊन म्हणायचा, "सर, हेडमास्तरांनी बोलावलंय." सर फळ्याकडं तोंड ठेवूनच म्हणायचे, "पुरावा?" शेवटी हेडमास्तर त्यांना बोलावताना चिठ्ठी देऊ लागले. एकदा चिठ्ठीवर तारीख नव्हती म्हणून सरांनी ती परत पाठवली.

संध्याकाळी आम्ही दूधकट्ट्यावर जायचो. तिथं म्हैस समोर उभी, पिळणारा समोर बसलेला, धार थेट पेल्यात. सगळं गाव मिशीला फेस लावून तृप्त होत असायचं. सर मात्र कोटाच्या आतल्या खिशातून शाळेच्या प्रयोगशाळेतला लॅक्टोमीटर काढून पेल्यात सोडायचे. पहिल्या दिवशी म्हैसवाला नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "मास्तर, पानी मी घातलं न्हाय ते तुमच्या म्होरंच हाय. मग ह्यो इश्वास कुनावर न्हाय, माज्यावर का म्हशीवर?"

"माझ्या डोळ्यांवर," सर म्हणाले.

तेव्हापासून त्या कट्ट्यावर सरांना दूध मिळालं नाही. ते लांबच्या कट्ट्यावर जाऊ लागले, लॅक्टोमीटरसकट.

आमच्या माडीसमोर तालीम होती. पहाटे साडेचारला जोर-बैठका सुरू व्हायच्या आणि शड्डूंच्या आवाजानं माझ्या खोलीतली किटली हलायची. तालमीचे वस्ताद साठीच्या पुढचे होते. पिळदार मिशा, फुटलेले कान, गुलाबी पटका. एके काळी त्यांनी मोठमोठी मैदानं मारली होती. आता बाराएक पैलवान तयार करत होते. त्यांच्या खुराकावर वस्तादांची बारीक नजर असायची. दूध, तूप, बदाम हे सगळ्याच तालमींत. इथलं खास म्हणजे गोखरूचं चूर्ण. गोखरू म्हणजे ज्याला आपण सराटे म्हणतो, रानात पायाला बोचतात ते काटे. वस्ताद ते गोणीनं आणवायचे, तालमीपुढच्या रस्त्यावर वाळत घालायचे, कुटून घ्यायचे आणि रोज सकाळी एकेक चमचा पैलवानांना दुधातून द्यायचे. त्यांच्या वस्तादांनी त्यांना असंच दिलं होतं.

एका सकाळी सरांची सायकल त्या वाळवणावरून गेली आणि दोन्ही टायर बसले. सर टायरमधला काटा चिमटीत धरून तालमीत गेले. काय होतंय बघायला मी मागोमाग.

"हे तुमचं काय आहे?"

"औषध हाय," वस्ताद म्हणाले. "ताकतीचं."

तर्जनी वर गेली. "पुरावा?"

वस्तादांनी धोतर वर घेतलं आणि उघड्या मांडीवर असा काही हात मारला की कठड्यावरची कबुतरं उडाली. "ह्यो काय पुरावा!"

पैलवान खदाखदा हसले. सर हसले नाहीत. ते वाकून मांडीकडं नीट बघू लागले. वस्ताद जरा अवघडले.

"ह्या मांडीनं जन्मात दूध किती प्यालं?"

"रोजचं चार शेर."

"तूप, बदाम, मटण?"

"व्हय की. बिनखुराकाचा पैलवान आस्तोय व्हय?"

"मग ही मांडी दुधाचा पुरावा, तुपाचा, की गोखरूचा?"

वस्तादांना आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी धोतर हळूच खाली सोडलं. "मास्तर, तुमी सांगा पुरावा कसा काढायचा त्यो. काढू."

आणि असा तो प्रयोग ठरला. तीन महिने. बारा पैलवान, सहा-सहाचे दोन गट. दोन पत्र्याचे डबे, एकावर 'अ', एकावर 'ब'. एका डब्यात खरं गोखरू, दुसऱ्यात तसंच दिसणारं दुसरंच काहीतरी. कुठल्या डब्यात काय, हे पैलवानांना, वस्तादांना आणि खुद्द सरांनाही कळता कामा नये. "मला कळलं तर माझी टेप पक्षपात करील," सर म्हणाले. गोखरू खरं ठरलं तर सरांनी लंगोट लावून कुस्तीच्या हौद्यात उतरायचं आणि तालमीची माती कपाळाला लावायची. खोटं ठरलं तर वस्तादांनी पटका काढून सगळ्या पेठेपुढं म्हणायचं, 'माझ्या वस्तादांचं औषध फुकाचं होतं.'

हे दुसरं वाक्य ठरताना वस्तादांचा आवाज थोडा खाली आला होता. तो माझ्या लक्षात राहिला.

डब्यांचं गुपित माझ्याकडं आलं: डबे मीच भरायचे आणि कशात काय ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करून ठेवायचं. "तुम्ही मराठी शिकवता," सर म्हणाले, "तुमचा कुठल्याच बाजूनं काही आग्रह असण्याचं कारण नाही."

खोट्या चूर्णासाठी आम्ही एक अख्खा रविवार घालवला. सरांच्या डोळ्यांवर माझा मफलर बांधून मी त्यांना चमच्याचमच्यानं काय काय चारलं. भाजलेली नाचणी, ज्वारीचं पीठ, काडेचिराईत, सुंठ. ते तोंड वाकडं करून 'फार कडू', 'फार गोड' असे शेरे द्यायचे. अखेर भाजलेल्या नाचणीत चिमूटभर काडेचिराईत घातल्यावर त्यांना फरक सांगता येईना.

मी विचारलं, "तुम्हाला गोखरूची चव इतकी कशी ओळखीची?"

सरांनी मफलर सोडला. "लहानपणी मी हडकुळा होतो म्हणून मला सगळ्यांनी सगळं पाजलं. आजोबांनी अश्वगंधा, मामांनी मुसळी, शेजारच्या वैद्यांनी सहा वर्षं गोखरू. आणि शेवटी हे असं." त्यांनी दंड पुढं केला. तेव्हाच मी तो मोजला. "मी म्हणजे गोखरूविरुद्धचा पुरावाच आहे. पण एकटा आहे हो. एकट्या माणसाला पुरावा म्हणत नाहीत."

दरम्यान त्यांनी पुण्याच्या एका संशोधन संस्थेला पत्र लिहून गोखरूनं स्नायू वाढतात याला काही आधार आहे का, अशी विचारणा केली होती. पोस्टकार्ड आलं. तशी माहिती आपल्याकडं नाही, एवढंच त्यात होतं. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी ते भिंतीवर लावलं.

प्रयोग सुरू झाला. रोज सकाळी पैलवान आपापल्या डब्यातला चमचा आपल्याच हातानं घ्यायचे. दर शनिवारी सर टेप, वही आणि शाळेतला तराजू घेऊन तालमीत जायचे. आधी दोन्ही डबे वजन करायचे, मग पैलवान मोजायचे. पैलवान घामानं आणि तांबड्या मातीनं माखलेले. टेप निसटायची. जो तो दंड फुगवून, श्वास कोंडून उभा. सर खालून ओरडायचे, "श्वास सोडा! तुमचा दंड मोजतोय, हट्ट नाही!"

सगळ्यात अवघड प्रकरण शिवाचं. शिवा तालमीतला सगळ्यात मोठा गडी. कुस्तीत त्याला हलवणं कुणाला जमायचं नाही, पण त्याला गुदगुल्या व्हायच्या. टेप काखेखालून गेली की हा डोंगराएवढा माणूस खिंकाळत खाली बसायचा. "सर, नगा! सर, पाया पडतो!" चार जणांनी धरूनही त्याची छाती कधी मोजता आली नाही. सरांच्या वहीत तेराही शनिवारी एकच नोंद आहे: 'छाती: हसल्यामुळे अनिश्चित.'

दुसऱ्या महिन्यापासून पैलवानांना चैन पडेना. आपल्या डब्यात खरं आहे की नाचणी, ही शंका त्यांना कुरतडू लागली. कुणी दोन्ही डब्यांतली चिमूट जमिनीवर टाकून मुंग्या कुठं जातात ते बघायचा. कुणी मला रस्त्यात गाठायचा, "मास्तर, नुसती मान हलवा." मी मान ताठ ठेवून चालायला शिकलो. शाळेतली मुलं मला 'पुतळा' म्हणू लागली.

मग वस्तादांच्या बायकोनं मला जेवायला बोलावलं. पैलवान त्यांना मामी म्हणायचे, मी वहिनी.

वहिनींच्या हातच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची कीर्ती मी ऐकून होतो. खानावळीत दिवस काढणाऱ्या माणसानं अशा आमंत्रणाला नाही म्हणावं, अशी कुणी अपेक्षा करू नये. मी पाटावर बसलो. वस्ताद तालमीत होते. वहिनींनी वाटी भरली.

"मास्तर, त्ये कशात हाय?"

"वहिनी, मी शपथ घेतलीय."

"बरं, नका सांगू. जेवा." त्यांनी आणखी एक वाटी पांढरा वाढला. मी ती तोंडाला लावली. वहिनी सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "अ मधी आसंल." मी पीत राहिलो. "का ब मधी?"

नेमका त्याच वेळी एक मिरीचा दाणा माझ्या घशात गेला. मी असा खोकलो की डोळ्यांतून पाणी आलं. वहिनींनी माझी पाठ थोपटली, पाणी दिलं, आणि समाधानानं म्हणाल्या, "आसू दे, आसू दे. कळलं."

त्यांना काय कळलं ते मला त्या वेळी कळलं नाही.

निकालाचा दिवस रविवार. सकाळी नऊला अख्खी पेठ तालमीत जमली. दोन पैलवानांनी शाळेतला फळा डोक्यावरून आणला होता. आमचे विद्यार्थी कठड्यावर चढून बसले होते. वस्ताद नवा पटका बांधून हौद्याच्या कडेला खुर्चीवर. वहिनी दारात पदर सावरून उभ्या. सरांनी फळ्यावर दोन रकाने काढले आणि आकडे भरले. कोट खडूनं पांढरा झाला.

"अ गटाच्या दंडात सरासरी पाऊण इंच वाढ," ते म्हणाले. "ब गटाच्या दंडात एक इंचाच्या वर. बैठकांतही ब गट पुढं."

"म्हंजे ब मधी गोखरू!" वस्ताद उभे राहिले. पैलवानांनी शड्डू ठोकले. वहिनी माझ्याकडं बघून गोड हसल्या, आणि मला तो मिरीचा दाणा आठवला.

सरांनी माझ्याकडं हात केला. मी पाकीट फोडलं, चिठ्ठी काढली आणि वाचली.

"अ, गोखरू. ब, नाचणी."

वस्तादांनी मला चिठ्ठी पुन्हा वाचायला लावली. मी वाचली. ते खाली बसले. मग पुन्हा उठले, आणि दोन्ही हात पटक्याकडं नेले. दिलेला शब्द ते पाळणार होते. पटका नवा होता, गाठ घट्ट बसली होती, लवकर सुटत नव्हती. सगळी पेठ बघत होती. मला वाटलं, ही चिठ्ठी मी गिळायला हवी होती.

तेवढ्यात शिवा आडवा आला. "वस्ताद, थांबा! गाठ सोडू नगा." तो सरांकडं वळला. "सर, आमी चुकलो. मी अ मधला. पर दुसऱ्या म्हैन्यापास्नं अ कुनी खाल्लंच न्हाय. मामींनी सांगितलं खरं ब मधी हाय. म्हून आमी बारा जनांनी ब मधलंच अर्धा-अर्धा चमचा खाल्लं."

"मग अ चा डबा?" सर किंचाळले. "मी दर शनिवारी वजन करत होतो! तो रिकामा कसा व्हायचा?"

शिवानं मान खाली घातली. वहिनींनी पदर तोंडाशी नेला.

"म्हशीला घातलं," त्या म्हणाल्या. "टाकून द्यायचं जिवावर आलं."

वस्तादांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "म्हशीला? आगं, म्हून तिनं दोन येळा खुंटा उपटला! मास्तर, बगा! आली की न्हाय ताकत?"

"एका म्हशीवरून काही सिद्ध होत नाही," सर म्हणाले. "तुलनेला गोखरू न खाल्लेली दुसरी म्हैस कुठं आहे?"

"आन् मामींना कुनी सांगितलं ब म्हून?" मागून कुणीतरी विचारलं. मी पुढं झालो आणि मिरीच्या दाण्याची हकीकत सांगितली. सर माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. इतक्या बारकाईनं आखलेला प्रयोग मिरीच्या एका दाण्यानं बुडू शकतो, ही गोष्ट ते मनात नोंदवून घेत असावेत.

मग त्यांनी कोटाची बाही तळहातावर ओढून घेतली आणि सगळा फळा पुसून टाकला.

"प्रयोग बाद," ते म्हणाले. "वस्ताद हरलेले नाहीत. बांधणी माझी होती, ती कच्ची निघाली. दंड मला." आणि त्यांनी कोटाचं पहिलं बटण काढलं.

"आवो मास्तर, र्‍हाऊ द्या," वस्ताद म्हणाले. पण सर ऐकेनात. दोन पैलवानांनी त्यांना आत नेलं आणि लंगोट बांधून बाहेर आणलं. तो देह पहिल्यांदाच उजेडात आला असावा. कठड्यावरच्या मुलांनी श्वास रोखला. सरांनी चष्मा माझ्या हातात दिला, हौद्यात उतरले, वाकून माती कपाळाला लावली. एवढंच ठरलं होतं. पण एकदा उतरल्यावर सलामी दिल्याशिवाय बाहेर यायचं नसतं, असं कुणीतरी ओरडलं. वस्ताद हसत हात पुढं करून आले. बिनचष्म्याचे सर दोन्ही हात पसरून निघाले ते वस्तादांच्या शेजारून पुढं गेले, आणि कडेला उभ्या असलेल्या शिवाच्या काखेत त्यांनी दहाही बोटं रोवली.

शिवा किंचाळला. दोन पावलं मागं गेला, पाय अडखळला, आणि हसत हसत तांबड्या मातीत उताणा पडला. दोन्ही खांदे टेकले. सर त्याच्यावर पडले.

"चितपट!" अख्खी पेठ उठली. पटके उडाले. मुलांनी 'सर, सर' म्हणून तालीम डोक्यावर घेतली. शिवा जमिनीवर पडूनच ओरडत होता, "काढा, ह्यांना काढा!" वस्तादांनी सरांना बखोटीला धरून उभं केलं आणि त्यांचा हात वर केला.

सरांनी तो सोडवून घेतला. डोळे बारीक करून त्यांनी गर्दी होती त्या दिशेला सांगितलं, "ही कुस्ती ग्राह्य नाही! पैलवान आधीच दोषयुक्त होता!"

पण ते कुणी ऐकलं नाही. त्यांना खांद्यावर बसवून पेठेतून फिरवलं, लंगोटावर.

त्यानंतर कुठलाही समजूतदार माणूस गप्प बसला असता. महिन्याभरानं वस्तादच माडी चढून आले. "मास्तर, माज्या डोस्क्यातनं जाईना. परत करू. ह्या बारीला मी सोता एकेकाच्या तोंडात घालतो, गिळंस्तवर उभा र्‍हातो."

या खेपेला गाजावाजा केला नाही. चिठ्ठी हेडमास्तरांच्या कपाटात ठेवली आणि मला वहिनींच्या घरी जेवायला बंदी झाली. तो हिवाळा वस्तादांनी रोज पहाटे पैलवानांची तोंडं उघडून जीभ तपासण्यात घालवला. तीन महिने झाले. सर वही घेऊन वस्तादांच्या सोप्यावर बसले. तिथं वस्ताद, वहिनी, सर आणि मी, एवढेच. चिठ्ठी उघडली. दोन्ही गट सारखे वाढले होते. केसाएवढाही फरक नव्हता.

वस्ताद कितीतरी वेळ वहीकडं बघत होते. त्यांना आकडे फारसे वाचता येत नव्हते, पण रकाने सारखे आहेत हे दिसत होतं. सरांचा चेहरा पडला होता. इतकी वर्षं बाळगलेली शंका खरी निघाली, आणि त्यांना कशाचाच आनंद होत नव्हता.

"बारा माणसं फार थोडी, वस्ताद," ते पुटपुटले. "बारा माणसांवरून इतकं मोठं बोलू नये. कदाचित शंभर घेतली असती, तर..."

"मास्तर," वस्ताद म्हणाले, "माज्या कोपराला गूळ लावू नका. मी सोता चमचा घातलाय." त्यांनी वही मिटली. "माज्या वस्तादांनी मला प्वारासारखा वाडवला. रोज सकाळी आपल्या हातानं त्यो चमचा तोंडात घालायचे. आता तुमी म्हनता त्यात काय न्हवतं."

"चमच्यात नव्हतं," सर म्हणाले. "हातात नव्हतं असं मी म्हटलेलं नाही. हात मी मोजलेला नाही."

वस्तादांनी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. वहिनी चहा ठेवायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ आतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तादांनी पैलवानांना हौद्याभोवती उभं केलं. आम्ही दोघं वरच्या खिडकीतून ऐकत होतो. "गोखरू ज्याला खायाचं त्यानं खावा," ते म्हणाले. "माज्या वस्तादांची आठवन म्हून मी तर खानार. पर आजपास्नं ह्या तालमीत कुनी कुस्ती जिंकला तर गोखरूचं नाव घ्यायचं न्हाय, आन् हरला तर नाचनीचं. चला, जोर मारा."

सर धावत टेबलाकडं गेले. वही उघडून त्यांनी वस्तादांचं बोलणं शब्द न् शब्द उतरवून काढलं, कोल्हापुरी उच्चारांसकट. मग पानावरची शाई फुंकून वाळवली आणि वही माझ्यापुढं सरकवली.

"मराठीचे मास्तर," ते म्हणाले, "ह्यात शुद्धलेखन सुधारू नका."